अनवाणी धावणं आणि पायाचा नंबर: ११ नंबरवाल्याला त्रास जास्त, की ५ नंबरवाल्याला?

तळपाय (धागाकर्ता)

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर असो की आरेच्या रस्त्यावर, अनवाणी धावण्याचा विषय निघाला की दोन मतं ठरलेली. पहिलं मत असं की मोठा पाय असला की वजन पसरतं, म्हणून मोठ्या पायाच्या माणसाला बुटाशिवाय सोपं जातं. दुसरं मत याच्या उलट: मोठा पाय म्हणजे लोढणं, लहान पायवाले हलके पळतात. दोन्ही मतं अर्धवट आहेत.

आधी वजन पसरण्याचं बघू. माणूस सगळ्या बाजूंनी सारख्याच प्रमाणात १० टक्के मोठा केला, तर तळव्याचं क्षेत्रफळ १.१ × १.१, म्हणजे २१ टक्के वाढतं. वजन मात्र १.१ × १.१ × १.१, म्हणजे ३३ टक्के वाढतं. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब कमी होत नाही, उलट सुमारे १० टक्के वाढतो. उंच, धिप्पाड आणि ११ नंबरच्या माणसाला खडी जास्त टोचते ती यामुळे. मोठ्या पायाचा फायदा त्यालाच, ज्याचा पाय उंचीच्या मानाने मोठा आहे आणि अंग सडपातळ आहे. म्हणून नुसता नंबर विचारू नये, नंबर आणि वजन दोन्ही विचारावेत.

लोढण्याबद्दल: एका पायाचं, म्हणजे घोट्याखालच्या भागाचं, वजन शरीराच्या साधारण दीड टक्का असतं. ७० किलोच्या माणसाचं पाऊल एक किलोच्या आसपास भरतं. ते लांब टांगेच्या टोकाला असल्यामुळे दर पावलाला पुढे-मागे झुलवायला ताकद लागते. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की प्राणवायूचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो, हे मोजलं गेलं आहे. मोठ्या पायाचा बूटही जड असतो, त्यामुळे बूट काढल्यावर ११ नंबरवाल्याचे ग्रॅम जास्त वाचतात. यावरून अनवाणी पळणं म्हणजे हमखास स्वस्त, असं मात्र समजू नका. अगदी हलक्या बुटाशी तुलना केली तर हा फायदा जवळजवळ उरत नाही, कारण बुटातली गादी जे काम करते ते मग पोटरीला करावं लागतं.

जाणकारांनी भर घालावी. ‘बूट घालून पळा की’ हे सांगायला कृपया दुसरा धागा काढा.

पोटरी

क्षेत्रफळापेक्षा तरफ जास्त महत्त्वाची आहे आणि दुखापती बहुतेक तिथूनच येतात.

चवड्यावर उतरताना जमिनीचा रेटा चवड्यावर येतो आणि तो तोलून धरते टाचेमागची अकिलीस शीर. घोटा हा मधला टेकू. घोट्यापासून चवड्यापर्यंतचं अंतर ‘अ’ आणि घोट्यापासून अकिलीसपर्यंतचं अंतर ‘ब’ धरू. ७० किलोच्या माणसाला धावताना जमिनीचा रेटा वजनाच्या साधारण अडीच पट, म्हणजे १७५ किलोचा मिळतो. अ = १३ सेमी आणि ब = ५ सेमी असेल तर अकिलीसवर १७५ × १३ ÷ ५ = ४५५ किलोचा ताण येतो. ब तेवढाच राहून अ १५ सेमी झाला, तर ताण ५२५ किलो. वजन तेच, वेग तोच, पण एका पावलामागे ७० किलो जास्त. किलोमीटरला प्रत्येक पायाची साधारण पाचशे पावलं पडतात, म्हणजे रोजचा हिशेब किती होतो ते बघा. आकडेमोड ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

आता गंमत अशी की ब लहान असणं ही नुसती शिक्षा नाही. २००८ साली शोल्झ आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित धावपटूंची हीच अंतरं मोजली. ज्यांची टाच मागे कमी आलेली, म्हणजे ब लहान, त्यांना त्याच वेगाला प्राणवायू कमी लागत होता. शीर जास्त ताणली जाते, म्हणून जास्त ऊर्जा साठवते आणि परत देते. थोडक्यात, ज्याची ठेवण अनवाणी पळायला सर्वात किफायतशीर, त्याच्याच अकिलीसला सवय व्हायला सर्वात जास्त वेळ लागतो. लांब पाय आणि आखूड टाच असलेली मंडळी पहिल्याच दिवशी झकास पळतात आणि तिसऱ्या आठवड्यात जिना उतरताना कण्हतात, त्याचं कारण हे.

घरी मोजायची पद्धत: फरशीवर कागद ठेवून उभं राहायचं. बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मध्यापासून पट्टी सरळ खाली आणून कागदावर खूण करायची. दुसरी खूण अंगठ्यामागच्या उंचवट्याच्या रेषेत, तिसरी अकिलीसच्या मागच्या कडेखाली. पुढचं अंतर भागिले मागचं अंतर. अडीचच्या आसपास आलं तर सामान्य समजा. तीनच्या वर गेलं तर खालच्या वेळापत्रकातला प्रत्येक टप्पा दुप्पट काळ करा.

शंकासुर

म्हणजे इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं गुणोत्तर साडेतीन असणार! १९६० ला रोमला अनवाणी २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन, तीही काही ठिकाणी दगडी फरसबंदीच्या रस्त्यावरून. आणि तोच माणूस १९६४ ला टोकियोत बूट घालून २ तास १२ मिनिटांत जिंकला. मग अनवाणीचा फायदा नक्की काय?

तळपाय

शंकासुर, बिकिलाचा मुद्दा इथे वेगळ्या कारणाने लागू पडतो. रोमला मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसले नाहीत, म्हणून तो सवयीप्रमाणे अनवाणी उतरला. चुकीच्या मापाच्या बुटापेक्षा सवयीचा उघडा पाय बरा, एवढंच त्यातून निघतं. त्याचा घोटा कोणी मोजलेला नाही, तेव्हा साडेतीन परत घ्या.

साचेबंद

बुटाच्या साच्यांशी रोजचा संबंध आहे म्हणून ‘नंबर’ या प्रकरणावर लिहितो. नंबर हे पायाचं माप नाहीच, ते साच्याचं, म्हणजे ज्यावर बूट घडवतात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्याचं, माप आहे.

आपल्याकडचा नंबर ब्रिटिश पद्धतीचा. एका नंबरात एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे ८.४७ मिमीचा फरक. युरोपीय नंबरात फरक ६.६७ मिमी. ८ नंबरचा साचा ११ इंची, म्हणजे साधारण २७९ मिमी. त्यात बसणारा पाय २६५ च्या आसपास. दोन कंपन्या पुढे किती जागा सोडतात यावर तोच पाय एकीकडे ८ आणि दुसरीकडे ९ होतो. दुसरी भानगड रुंदीची. आपल्या दुकानात एका नंबरात बहुधा एकच रुंदी मिळते. चवडा रुंद असला की माणूस लांबीने एक नंबर मोठा घेतो आणि आयुष्यभर स्वतःला ९ नंबरवाला समजतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली, त्यातही आपले पाय परदेशी साच्यांच्या मानाने रुंद निघाले. त्यावरून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली.

म्हणून अनवाणीच्या चर्चेत मिलिमीटरमध्ये बोला. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय सुजतो. टाच भिंतीला टेकवा, सगळं वजन त्याच पायावर घ्या, पेन्सिल काटकोनात उभी धरा. बसून मोजलेला पाय काही मिमी लहानच येतो. तीन मापं हवीत: टाच ते सर्वात लांब बोट, टाच ते अंगठ्यामागचा उंचवटा, आणि अंगठा-करंगळी यांच्या मागच्या उंचवट्यांमधली रुंदी. पहिल्यातून दुसरं वजा केलं की बोटांची लांबी मिळते. दोन्ही पाय मोजा, क्वचितच सारखे असतात.

पोटरी

साचेबंदांनी बोटांची लांबी काढली ते फार बरं झालं. २००९ मध्ये रोलियन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पायाच्या तुलनेत बोटं २० टक्के लांब असली तर धावताना बोटं वाकवणाऱ्या स्नायूंचं काम जवळपास दुप्पट होतं. चालताना हा फरक जाणवत नाही. म्हणजे २६५ मिमीचे दोन पाय घ्या. एकात टाच-उंचवटा अंतर १९५ आणि बोटं ७०, दुसऱ्यात १८५ आणि ८०. नंबर एकच. दुसऱ्याच्या तळव्यातले छोटे स्नायू आधी थकणार आणि मग कमानीत दुखणार.

दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असलेल्यांनी आणखी एक बघावं. बोट खरंच लांब आहे, की अंगठ्यामागचं हाड आखूड आहे? बोटं खाली दुमडा आणि वरून गाठी बघा. अंगठ्याची गाठ दुसरीच्या बरीच मागे असेल तर चवड्यावरचा भार दुसऱ्या हाडावर सरकतो. घट्टा दुसऱ्या बोटाच्या मुळाशीच पडला असेल तर तोच पुरावा. अनवाणीकडे वळताना ताणाने हाड चिरण्याची हमखास जागा म्हणजे हे दुसरं आणि तिसरं हाड.

मृण्मयी

वाचतेय. एक विचारायचं होतं: बाळंतपणानंतर पायाचा नंबर वाढतो, त्याचा इथे काय परिणाम? आणि मुलांना अनवाणी पळू द्यावं का? सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाय पसरट होतील’ म्हणून ओरड चालू आहे.

पोटरी

मृण्मयीताई, गरोदरपणात सांध्यांचे बंध सैलावतात, वजन वाढतं, कमान थोडी बसते आणि पाऊल लांब होतं. ही लांबी बहुतेकदा परत कमी होत नाही. कमान बसून आलेल्या लांबीमुळे पाय जास्त भार पेलू शकतो असं नाही, उलट कमानीखालच्या पडद्यावर ओढ जास्त येते. त्यामुळे जुन्या सवयीचे किलोमीटर न धरता शून्यापासून, नवीन मापांवर सुरुवात करावी. एका पायावर उभं राहून अंगठा न दुमडता कमान उचलून ३० सेकंद धरता येते का, हे आधी बघावं.

मुलांबद्दल आपल्याच देशातलं उत्तर आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलांचे पायाचे ठसे तपासले, १९९२ साली ते छापून आलं. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. पाय ‘पसरतात’ ते चवड्यात, आणि ते चांगलंच आहे. २००९ मध्ये दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्यांचा अभ्यास झाला, त्यांचे चवडे रुंद होते आणि तळव्यावरचा दाब जास्त समान वाटला गेला होता. फक्त ८ ते १४ वर्षांत टाच दुखते म्हणाली मुलगी, तर तिला विश्रांती द्या, तिथलं हाड अजून जुळत असतं.

आरेरोड

+१. आता मुंबईच्या जमिनीबद्दल, कारण इथे लांब पायाचा एक वेगळाच वैरी आहे: ठेच.

पाय पुढे येताना बोटं किंचित खाली झुकतात. घोट्यापासून बोटाच्या टोकापर्यंत पाय २ सेमी जास्त लांब असेल, तर १० अंशांच्या झुकण्याला टोक साडेतीन मिमी जास्त खाली जातं. ऐकायला काहीच नाही. पण पेव्हर ब्लॉकची उचकटलेली कड ५ ते १० मिमीच वर आलेली असते. अंगठ्याचं नख जातं ते तिथे. लांब पायवाल्यांनी पेव्हर ब्लॉकचे फूटपाथ सरळ टाळावेत. डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता पहाटे बरा.

उलट लहान पाय आणि जास्त वजन असेल तर पेव्हर ब्लॉक चालतात, पण खडी उघडी पडलेलं डांबर नको. खडा तोच, पण लहान तळव्याला त्याच्या शेजारी भार घ्यायला जागा कमी.

प्रियदर्शिनी पार्कसारखा सिंथेटिक ट्रॅक मऊ म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. खरं तर तो सॅंडपेपर आहे. पाय किंचित जरी घसरत उतरला, तरी दोन किलोमीटरमध्ये चवड्याला फोड येतो. लांब ढांगा टाकणाऱ्यांना आधी. कडक, गुळगुळीत सिमेंटवर सुरुवात करा, चूक लगेच कळते. तीन नियम: पाऊल शरीराच्या खाली पडलं पाहिजे, मिनिटाला १७० ते १८० पावलं, आणि पाय टेकण्याचा आवाज येता कामा नये. उन्हाळ्यात नऊनंतर डांबराला हाताची मागची बाजू लावून पाहा. पाच सेकंद ठेववत नसेल तर घरी जा.

शंकासुर

टाच अजिबात टेकायची नाही ना?

आरेरोड

टेकायची! हीच तर सर्वात जास्त होणारी चूक. चवड्याचा बाहेरचा भाग आधी, मग लगेच टाच हलकेच खाली. टाच हवेत ठेवून बोटांवर पळणाऱ्याच्या पोटरीला एक क्षणही सुट्टी मिळत नाही. आणि चवड्यावरच उतरलं पाहिजे असा कायदाही नाही. लिबरमन यांच्या २०१० च्या अभ्यासानंतर तसा समज पसरला, पण २०१३ मध्ये केनियातल्या, आयुष्यभर अनवाणी असलेल्या दासनच लोकांना आरामाच्या वेगात पळताना पाहिलं तेव्हा बरेच जण टाचेवरच उतरत होते. वेग वाढला की चवडा आपोआप पुढे येतो.

पोटरी

वेळापत्रक सांगायचं राहिलं. पहिले दोन आठवडे फक्त चालणं, रोज १५-२० मिनिटं. पुढचे दोन आठवडे नेहमीच्या धावण्याच्या शेवटी ४०० मीटर, आठवड्यातून तीनदा, एक दिवस सोडून. मग ८०० मीटर, मग दीड किलोमीटर, प्रत्येकी दोन आठवडे. त्यापुढे आठवड्याला अर्धा किलोमीटर वाढ पुरे. अनवाणी अंतर वाढवाल त्या आठवड्यात एकूण अंतर वाढवू नका. सोबत जिन्याच्या पायरीवर टाचा खाली-वर: १५ चे तीन फेरे गुडघा सरळ, तीन फेरे गुडघा वाकवून, खाली जाताना तीन सेकंद.

घाईचं फळ काय ते २०१३ मध्ये दिसलं. अनुभवी धावपटूंना दहा आठवड्यांत पाचबोटी पातळ बुटांवर आणलं, तर १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडात एमआरआयवर सूज दिसली.

पायाच्या वरच्या बाजूला दुखलं तर बोटाने दाबत जा. दुखणं पसरलेलं असेल तर बहुधा शिरा कुरकुरताहेत. हाडावर एकाच टिकलीएवढ्या जागी कळ येत असेल तर त्या दिवसापासून धावणं बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हा पळण्याचा परवाना नव्हे.

मधुमेह असलेल्यांनी आधी १० ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉन धाग्याने तळव्याची संवेदना तपासून घ्यावी. तो जाणवत नसेल तर अनवाणी नाहीच, पाय कुठल्याही मापाचा असो.

साचेबंद

मधला मार्ग म्हणून सॅंडल करणाऱ्यांसाठी. सरळ कागदावर उभं राहून बाह्यरेषा काढा, पेन्सिल तिरकी नको. पुढे ५ मिमी, बाजूंनी २-३ मिमी वाढवा. चपलेच्या सोलची रबर शीट ४ ते ६ मिमी. कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला करणाऱ्यांकडे विचारा. इथे पायाचं माप खरंच आडवं येतं: २६ सेमीपर्यंत ४ मिमीची शीट छान चालते, पण २८ च्या पुढे तिचं टोक लोंबतं, दुमडतं आणि माणूस तोंडावर पडतो. लांब पायाला ६ मिमीची घ्या किंवा पुढची वाढ ३ मिमीवर आणा. अंगठ्याच्या पट्ट्याचं भोक दोन बोटांच्या खाचेच्या जरा मागे, बाजूची भोकं घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे. मागे गेली की पट्टा टाचेवरून निसटतो. कोल्हापुरीत पळू नका. चामड्याचा कडक तळ ओल्या लादीवर घसरतो.

जुहूकर

वाळूबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच चवड्यापेक्षा खाली रुतते, अकिलीस नेहमीपेक्षा जास्त ताणली जाते. पोटरीताईंचं गुणोत्तर तीनच्या वर असेल तर कोरड्या वाळूत पळूच नका. ओहोटीची ओली, घट्ट वाळूच हवी. भरतीच्या वेळी चालायला उरते ती तिरकी पट्टी, तिथे एक पाय कायम खाली. निम्मं अंतर जाऊन त्याच रेषेने परत या, म्हणजे हिशेब फिटतो.

वेळ काढायला पंचांग पुरतं. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून पहाटे सहा-सातला ओहोटी. त्यानंतर रोज साधारण ५० मिनिटं पुढे. अष्टमीच्या सुमारास पहाटे भरती असते, तेव्हा रस्त्यावर पळा. पावसाळ्यात जेलीफिशसारखे दिसणारे निळे जीव वाहून येतात, निळसर फुगा दिसला तर त्याची दोरी लांबवर पसरलेली असते हे लक्षात ठेवा. साचलेल्या पाण्यातून अनवाणी जायचं नाही, पायाला चीर असेल तर लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिसला) आमंत्रण. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख बघून ठेवा.

मृण्मयी

जुहूला तळव्याला काळं डांबर चिकटतं त्याचं काय करायचं? साबणाने जात नाही.

जुहूकर

पावसाळ्यात ते तेलाचे गोळे येतातच. खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा, जुन्या कापडाने पुसा, मग साबण. रॉकेल किंवा थिनर नको, कातडी कोरडी पडून भेगा पडतात. बोटांच्या बेचक्या आधी पुसा.